मायाप्पाची भाकणूक

मालतीबाईंचं मायाप्पाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्याच्या चपलांमुळे.

मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. घरात बसवेना, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी सोलापुरातल्या एका जुन्या वाचनालयात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत. कुणाला अर्ज लिहून हवा असे, कुणाला परीक्षेचा उतारा समजून घ्यायचा असे. अशाच एका मंगळवारी समोरच्या बाकावर चाळिशीला टेकलेला एक उंच, काटकुळा माणूस येऊन बसला. खाकी पँट, शर्टाच्या बाहीवर जखमेला लावायच्या औषधाचा जांभळा डाग. अंगाला फिनेलचा वास आणि त्याखाली मेंढरांचा. त्याने पिशवीतून एक जाड पुस्तक काढून टेबलावर ठेवलं, वाकून पायातल्या चपला काढल्या, त्या जोडीने टेबलाखाली सरकवल्या आणि मगच पुस्तक उघडलं.

बाईंना वाटलं, पोथी असावी. पाणी प्यायला उठल्याचं निमित्त करून त्या जवळून गेल्या, तर इंग्रजी कादंबरी! कव्हर गेलेलं, पहिली चार पानं सुटी. एका ग्रीक लेखकाची ती कादंबरी बाईंनी तरुणपणी अर्धी वाचून ठेवून दिली होती.

"पायाला काही लागलंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय बाई," तो दचकून उभा राहिला. "ह्यात देवाचं लिवलंय. चपला घालून कसं वाचायचं?"

त्याचं नाव मायाप्पा. वडील सिद्रामप्पा. मंगळवेढ्याच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्यांची धनगरांची वाडी. स्वतः तो जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर होता. म्हणजे सकाळी कुलूप काढायचं, जनावर धरून ठेवायचं, जखमा धुवायच्या, लसीची पेटी उचलायची. तत्त्वज्ञानात एम. ए. केलेलं होतं, तेही बाहेरून परीक्षा देऊन. हे त्याने बाईंना ओळख होऊन सात महिने झाल्यावर सांगितलं, तेही दुसरं काहीतरी सांगताना. पुस्तक नावावर घेतलेलं असलं तरी तो ते वाचनालयातच येऊन वाचे, कारण मोठा शब्दकोश तिथे होता. टिपणं काढी ती लसीकरणाच्या जुन्या नोंदवह्यांच्या कोऱ्या पाठीवर.

दोन वर्षं दर मंगळवारी चार वाजता तो येत राहिला. लेखकाचं नाव त्याने कधी घेतलं नाही. "आमचा ग्रीक" म्हणे. ग्रीकावर त्याचा जीव जडला तो तत्त्वज्ञानामुळे नव्हेच. डोंगरावरून कळप उतरताना पुढची मेंढी थबकते आणि मागच्या सगळ्या एकमेकींवर आदळतात, असं कुठंतरी चार ओळींत आलं होतं. "ह्याला मेंढरं ठावं हायती बाई," मायाप्पा म्हणाला. "मेंढरं ठावं असल्याला माणूस देवाबद्दल उगीच लिवणार न्हाय."

आणि देवाबद्दल त्या लेखकाचं म्हणणं सरळ नव्हतं. त्याचा देव वर गादीवर बसून माणसाचं बरंवाईट करणारा नव्हता. तो खालून वर चढणारा होता. मातीतून झाडात, झाडातून जनावरात, जनावरातून माणसात. दर पायरीवर ठेचकाळणारा, रक्तबंबाळ होणारा आणि माणसालाच हाक मारणारा, की मला वर घे, तुझ्यावाचून मला पुढची वाट नाही. शरीर वाईट आणि आत्मा चांगला, असंही तो मानत नव्हता; शरीराचंच सरपण करून उजेड करायचा, असं त्याचं म्हणणं. त्याच्या धर्माच्या लोकांना हे रुचलं नाही, ते त्याच्यावर चिडले. मायाप्पाला त्याचं नवल वाटलं नाही.

"आमच्या वाडीतबी चिडले असते. देवाला मदत कर म्हणणारा माणूस घरात कुणाला पाहिजे?"

पण सगळंच त्याला पटे असं नाही. आशा सोडली की भीतीही सुटते आणि माणूस मोकळा होतो, हे वाचून त्याने पुस्तक मिटलं होतं. "मेंढपाळानं आशा सोडली तर कळप घेऊन निघंल कशाला? हितं आमचा ग्रीक शहरात बसून लिवाय लागलाय."

बाईंना हसू आलं. पण घरी गेल्यावर त्यांनी आपली जुनी प्रत कपाटातून काढली आणि उरलेली अर्धी वाचायला घेतली.

मग भाद्रपदात सलग तीन मंगळवार मायाप्पा आला नाही. चौथ्या मंगळवारी आला तो पुस्तक न उघडता बसून राहिला. चपला पायातच होत्या.

वडिलांना लकवा झाला होता. उजवं अंग गेलं होतं आणि वाचा बसली होती.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"जगतील म्हणतात. बोलणार न्हाईत." मायाप्पा हाताचा पंजा टेबलावर घासत राहिला. "बाई, माझा बाप वाडीचा गळा हाय."

वाडीत कार्तिकात बिरोबाची जत्रा भरे. जत्रेच्या शेवटच्या दिवशी, ऊन उतरायच्या वेळी, देवळासमोरच्या काळ्या खडकावर एक माणूस उभा राही. पाच दिवस नुसत्या दुधावर राहून आलेला. ढोल वाजत, भंडारा उधळला जाई, आणि त्याच्या अंगात आलेला देव येत्या सालाचं भाकीत सांगे: पाऊस कसा, पीक कसं, रोगराई कुठली आणि कळपांनी कुठल्या दिशेला जावं. हीच भाकणूक. ती ऐकून दुसऱ्या दिवशी पहाटे वाडीतले सगळे कळप चाऱ्याच्या शोधात निघत. एकतीस वर्षं हा मान सिद्रामप्पाचा होता. त्याच्यानंतर थोरल्या मुलाचा, म्हणजे मायाप्पाचा. आणि वाडीचा एक नियम होता: खडकावर पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द देवाचा.

"एकदा माझा बाप वर चढला आणि नुसतं 'पाणी' म्हणून गप बसला. त्याला तहान लागली असंल. संगप्पा म्हणून आमचा म्हातारा पंच हाय, भाकणूक उलगडून सांगणारा. तो म्हणाला, देवानं पाणी मागितलंय, विहिरीचा गाळ काढा. सगळ्या वाडीनं गाळ काढला. त्या साली पाऊस बेताचाच झाला, पर विहीर आटली न्हाय."

"मग तो देव होता की तहान?"

"तेच तर ठरत न्हाय बाई." तो पहिल्यांदा किंचित हसला. "पर एक सांगतो. ल्हानपणी भाकणूक झाली की मी बापाच्या घोंगडीत निजायचो. तो थरथरत असायचा. मला विचारायचा, काय बोललो रं मी? त्याला खरंच ठावं नसायचं. माझ्या बापानं कदी ढोंग केलं न्हाय. आणि माझ्यात तर आजपातुर कोण आलेलं न्हाय."

एवढंच असतं तरी अवघड होतं. पण दिवाळीच्या आधी दवाखान्यात बातमी आली. हद्दीपलीकडे, वाडीचे कळप दरसाल जिकडे जात त्याच टापूत, मेंढरांना पीपीआर हा साथीचा रोग लागला होता. नाक गळतं, तोंड सोलतं, हगवण लागते आणि आठवड्याभरात निम्मा कळप आडवा होतो. लस होती. ती टोचून एकवीस दिवस थांबलं की मेंढरू बचावण्यासारखं होतं. दवाखान्यातले डॉक्टर आणि मायाप्पा पेटी घेऊन वाडीवर गेले, तर लोकांनी कळप दुसऱ्या वाटेने काढले. लस टोचली की गाभण मेंढी गाभ टाकते, अशी त्यांची समजूत. शिवाय एकवीस दिवस थांबायचं कशाच्या जोरावर? शिवारात चारा उरला नव्हता. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी निघायचं म्हणजे निघायचं.

परतताना जीपमध्ये डॉक्टर म्हणाले होते, "मायाप्पा, तुमच्या देवाला आमच्या दोन ओळी बोलायला सांगा की. हजारभर मेंढ्या वाचतील, देवालाही पुण्य लागेल."

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. ते हसण्यावारी बोलले. मायाप्पाने ते हसण्यावारी घेतलं नाही.

"सांगा बाई," तो पुढच्या मंगळवारी म्हणाला. "दवाखान्याचा मायाप्पा सांगतो तर कुत्रं ऐकत न्हाय. खडकावरनं सांगितलं तर सगळी वाडी ऐकंल. पर ते खोटं हुईल. देवाच्या तोंडात मी माझं बोलणं घालायचं व्हय? आमचा ग्रीक म्हणतो, देवाला माणसाची गरज असती. अशी गरज असती का?"

मालतीबाईंनी आयुष्यभर मुलींना एक गोष्ट शिकवली होती: आपलं उत्तर आपल्या नावाने लिहा. त्या म्हणाल्या, "मायाप्पा, शेजारणीच्या वहीत आपलं उत्तर लिहिणं आणि हे, यात मला फरक दिसत नाही. तुम्हाला जे माहीत आहे ते खाली उभं राहून स्वतःच्या नावाने सांगा. खडकावर चढू नका."

"उपास मात्र धरतो," तो म्हणाला. "पाच दिवस. देव येणार असंल तर त्याला वाट तरी मोकळी पाहिजे. न्हाय आला तर खडकावर चढत न्हाय."

जत्रेच्या दिवशी मालतीबाई मंगळवेढ्यापर्यंत एसटीने आणि पुढे वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून वाडीवर पोचल्या. सल्ला देऊन घरी बसणं त्यांना जमलं नाही. दुपारचे तीन वाजले होते. देवळामागच्या माळावर मेंढरंच मेंढरं होती, आणि त्यांच्यापलीकडे घोडी, घोड्यांवर बांधलेल्या वळकट्या, पातेली, कोंबड्यांच्या डालग्या. सगळं बिऱ्हाड लादून तयार होतं.

सिद्रामप्पाला देवळाच्या ओट्याशी बाजेवर आणून बसवलं होतं. मोठं, हाडापेराचं शरीर. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र जागे. शेजारी त्याची बायको सोजरबाई हातपंख्याने माशा वारत होती. तिने मालतीबाईंना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"तुमीच व्हय त्या मास्तरीणबाई? माझ्या लेकाला विंग्रजी देव शिकिवणाऱ्या?"

"मी नाही शिकवत, सोजरबाई. तोच मला शिकवतो."

"मग दोगंबी नापास," सोजरबाई म्हणाली आणि बाजेवर सरकून त्यांना जागा करून दिली. "पाच दिस झालं, नुसतं दूध पितोय. डोळं बगा कसं आत गेल्यात. आणि मला म्हणतो, आई, कुणी येईना. आता येईना म्हंजी? देव काय एसटी हाय, येळंवर याया?"

मायाप्पा देवळातून बाहेर आला. दाढी वाढलेली, खांद्यावर बापाची काळी घोंगडी. बाईंनी आधी पायांकडे पाहिलं. पायात चपला होत्या. चपला घालून कुणी खडकावर चढत नाही. म्हणजे त्याचं ठरलं होतं.

ढोल सुरू झाले. माणसं खडकाभोवती गोळा झाली, तीनशे तरी असतील. मायाप्पा खडकाच्या पायथ्याशी येऊन थांबला आणि त्याने हात वर केला.

"ऐका! मी मायाप्पा बोलतोय. मला वर चढायचं न्हाय. पर माझं एक ऐका—"

ढोलवाल्यांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल, पण खडकाखालून कुणी बोललं तर ढोल थांबवायची रीत नव्हती. तो ओरडून सांगू लागला. दक्षिणेला रोग आहे. लस टोचून घ्या. एकवीस दिवस थांबा. पुढच्या दोन ओळींतल्या लोकांना काहीबाही ऐकू आलं असावं.

"दवाखाना घरी ठिवून ये की रं!" एक जण म्हणाला आणि हशा पिकला.

"शिकून शानं झालं आणि बापाचा गळा घालवून बसलं," दुसरा म्हणाला.

पुढे कस्तुराबाई उभी होती. साठीची, नवरा नसलेली, एकटीने सव्वाशे मेंढरं राखणारी. तिच्या कडेवर त्याच सकाळी जन्मलेलं एक कोकरू होतं. ती हसली नाही. "मायाप्पा," ती म्हणाली, "खालनं बोलल्यालं आमी काय करायचं? सांगायचं असंल तर वर चढून सांग. न्हायतर गप ऱ्हा, आमाला पहाटं निघायचं हाय."

मायाप्पाचा हात खाली आला. तो माळाकडे पाहू लागला. मालतीबाईंनाही तेच दिसत होतं: लादलेली घोडी, हजारभर मेंढरांच्या पाठी, आणि त्यांच्यामागे दक्षिणेला जाणारी पांढरी पायवाट. पहाटेला बारा तास उरले होते. शाळेच्या वर्गात जो सल्ला खणखणीत वाटला असता, तो या माळावर बाईंना एकाएकी फार लहान वाटायला लागला. त्यांच्या मनात आलं, चढ. आणि लगेच आलं, नको, मीच तर सांगितलं होतं. त्यांनी बाजेची दोरी घट्ट धरली.

मायाप्पाने बापाकडे पाहिलं. सिद्रामप्पाही त्याच्याकडेच पाहत होता. त्या नजरेत हुकूम नव्हता, विनवणी नव्हती. रोगी मेंढरू कळपातून वेगळं काढताना मेंढपाळ जसा एकटक पाहतो, तसं पाहणं होतं.

मायाप्पा वाकला. त्याने चपला काढल्या. एकीशेजारी एक, टाचा जुळवून ठेवल्या. आणि तो खडकावर चढला.

ढोल थांबले. कुणीतरी भंडाऱ्याची मूठ उधळली. ती त्याच्या केसांवर, घोंगडीवर बसली. आता तो थरथरेल, आता घुमेल म्हणून तीनशे माणसं वाट पाहू लागली. तो थरथरला नाही. नुसता उभा राहिला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. कस्तुराबाईच्या कडेवरचं कोकरू दोनदा ओरडलं. मागे कुणीतरी कानडीत काहीतरी पुटपुटलं आणि त्याला गप्प करण्यात आलं. सोजरबाईचा पंखा हवेतच थांबला होता.

"मी मायाप्पा," तो म्हणाला. आवाज साधा होता, मंगळवारी चार वाजता बाईंशी बोले तसाच. "सिद्रामप्पाचा ल्योक. पाच दिवस वाट बगितली. देव आला न्हाय. जे सांगतो ते मी सांगतो. दक्षिणेला मेंढरं मरायला लागल्यात. मी दवाखान्यातलं कागद बगितल्यात. लस टोचून घ्या आणि एकवीस दिवस हितंच थांबा. चाऱ्याचे हाल हुतील, मला ठावं हाय. त्यातलं जे वाईट हुईल ते माझ्या डोक्यावर."

मग सगळे एकदम बोलू लागले. खडकावर असं कुणी कधी बोललं नव्हतं. देव आला नाही, हे खडकावरून सांगायचं? एक म्हातारा काठी आपटत पुढे आला. "उतरिवा त्याला! बाटिवला खडक!" दोघा-तिघांनी खडकाला हात लावला. मालतीबाई उठून उभ्या राहिल्या. आपण काय करणार आहोत हे त्यांना माहीत नव्हतं. मायाप्पा हलला नाही.

तेवढ्यात संगप्पा पुढे झाला. ऐंशीचा, बारीक चणीचा, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. त्याने हात आडवा केला तेव्हा माणसं थांबली. तो सिद्रामप्पाच्या बाजेशी गेला, वाकला. "काय म्हणतोस, सिद्रामप्पा? कुणाचं बोलणं हे?"

सिद्रामप्पाच्या घशातून एक आवाज निघाला. त्याला शब्द म्हणता आलं नसतं. डावा हात उठला, शेजारच्या परातीतून भंडाऱ्याची चिमूट त्याने उचलली. लेकाकडे टाकायची होती की कपाळाला लावायची होती, कोण जाणे. ती त्याच्याच मांडीवर सांडली.

संगप्पा बराच वेळ त्या पिवळ्या डागाकडे पाहत राहिला. मग वळून म्हणाला, "खडकावरचा शब्द देवाचा. एकवीस दिस थांबायचं."

"न्हाय!" मायाप्पा वरून ओरडला. "मी सांगितलं की! देव न्हाय, मी बोललो!"

"तू कोण ठरिवणार?" संगप्पा शांतपणे म्हणाला. "ज्याच्या तोंडातनं बोललं जातंय त्याला कदी कळलंय व्हय? तुज्या बापाला तरी कळायचं का? उतर आता खाली, आणि दूधभात खा."

वाडी थांबली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर पेट्या घेऊन आले आणि देवळासमोरच मेंढरांना लस टोचली गेली. एकाही माणसाने हरकत घेतली नाही. मायाप्पा एकेक मेंढरू धरत होता आणि खाली मान घालून काम करत होता. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा तो बाजूला सरकला.

पुढचे तीन आठवडे मालतीबाईंनी कॅलेंडरकडे पाहत काढले. बारा दिवसांत वाडीजवळचा पाला संपला. कळप रोज लांब जाऊ लागले, अर्धपोटी परत येऊ लागले. अठराव्या दिवशी अवकाळी पाऊस आला, गार वारं सुटलं, आणि दूध आटलेल्या आयांची कोकरं उघड्यावर काकडली. कस्तुराबाईची एकोणीस कोकरं एका रात्रीत गेली. बाकीच्यांची थोडीथोडी. दक्षिणेला मात्र जे कळप दुसऱ्या गावांतून गेले होते, त्यांची धूळधाण झाली. रस्त्याच्या कडेला मेलेली मेंढरं पडलेली पाहून आलेल्या माणसांनी वाडीत येऊन सांगितलं. लोकांनी बिरोबाला हात जोडले.

मायाप्पा कस्तुराबाईच्या पालावर गेला. हे त्याने बाईंना नंतर सांगितलं, वाचनालयात, हळू आवाजात.

"मी म्हणालो, काकू, ही कोकरं माझ्यापायी गेली. मी थांबा म्हणालो. ती म्हणाली, देवाची मर्जी. मी म्हणालो, मर्जी माझी हुती, काकू, मी वर उभा राहून सांगितलं हुतं की माझ्या डोक्यावर. तर माझ्याकडं बगून म्हणती, तू कोण लागून गेलास? एवढा मोठा झालास व्हय? आणि मला जेवायला वाढलं. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. मला गिळवंना."

मालतीबाईंनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"बाई, मला कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एकबी माणूस मला बोलला न्हाय. आमचा ग्रीक म्हणतो, माणसानं देवाला सोडवायचं. हितं उलटंच झालं की. माझ्या वाट्याचा दोष घ्यायला देवच जाऊन उभा राहिला. जो आलाच नव्हता तो." त्याने पुस्तक उघडलं, मिटलं. "का आला हुता?"

"मी तुम्हाला चढू नका म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं का, मायाप्पा?"

त्याने विचार केला. खोटं बोलायचं नाही म्हणून वेळ घेतला, हे बाईंना दिसत होतं. "तुमचं बरोबर हुतं," तो म्हणाला. "पर तुमचं ऐकलं असतं तर कस्तुराकाकूकडं आज मेंढरूच नसतं."

पुढच्या उन्हाळ्यात सिद्रामप्पा गेला. त्यानंतरच्या कार्तिकात वाडीने मायाप्पाला पुन्हा बोलावलं, आणि तो गेला. पाच दिवस उपास धरला. चपला काढून चढला आणि म्हणाला, "मी मायाप्पा, सिद्रामप्पाचा." लोकांना आता ती सुरुवात रीतच वाटते, परवा वाडीतली लहान मुलं भाकणुकीचा खेळ खेळताना तसंच म्हणत होती, असं वाडीला जाऊन आलेल्या सोजरबाईने हसत सांगितलं. देव येतो का, हे मालतीबाईंनी त्याला विचारलेलं नाही. तो वर्षभर दवाखान्यात आलेल्या प्रत्येक मेंढपाळाला विचारत असतो, कुठं चारा आहे, कुठं पाणी, कुठं रोग, आणि ते नोंदवहीच्या कोऱ्या पाठीवर लिहून ठेवतो.

श्रावणात दोन दिवसांची रजा टाकून तो कस्तुराबाईच्या कळपाला लस टोचून येतो. एरवी सोलापूरजवळ कुंभारीला बायको आणि सोजरबाईबरोबर दोन खोल्यांत राहतो, सकाळी साडेआठला दवाखान्याचं कुलूप काढतो. मंगळवारी चार वाजता वाचनालयात येतो. ते ग्रीक पुस्तक अजून त्याच्याच नावावर आहे. शेवटची साठ पानं त्याची वाचायची राहिली आहेत.